पचमढीहून आणलेलं झुडूप

हॅलो? हॅलो, महू?… हां ऑपरेटरजी, बोलते आहे, लाइन मत काटिए… कोण, अंबिकावन्सं? मी शशिकला. तुमची भावजय, इंदूरहून… नाही नाही, सगळे बरे आहेत. मामंजी पण. आधी ऐका ना, तीनच मिनिटं मिळतात!

आमची ग्वाल्हेरला बदली झालीय… हो, आजच निघायचंय. सामान लॉरीत चढलं, आणि मामंजी मागच्या बागेत खुर्ची टाकून बसलेत. म्हणतात, तुझ्या सासूनं लावलेलं झुडूप बरोबर घेतल्याशिवाय मी उठत नाही…

कुठलं म्हणजे? तेच तर विचारतेय!… रसभरी? ती कागदी पिशवीतली पिवळी? ती नाही हो, ती मी ओळखते. हे काटेरी. भिंतीशी दोन जाळ्या आहेत, एकमेकींत गुंतलेल्या. दोन्हींना काळी फळं. एक सासूबाईंनी पचमढीहून आणलेली, दुसरी आधीच्या साहेबांच्या वेळची… मामंजींना दिसतं कुठे आता? मोतीबिंदू. चाचपून बघितलं, हात ओरबाडून घेतले, तेवढंच.

ह्यांना? ह्यांना काय आठवणार! म्हणतात, कुठलंही उपट आणि सांग, हेच म्हणून… मला नाही जमायचं ते, वन्सं. सासूबाईंची एवढी एकच वस्तू मागतायत… अरे रुको भिया, हॉर्न मत बजाओ! दस मिनट!… तुम्हाला नाही हो, लॉरीवाल्याला.

अं?… नाही, त्यांना नाही सांगितलं. तुमच्या लग्नाला सहा वर्षं झाली, तरी तुमचं नाव निघालं की उठून जातात. तुम्हाला ठाऊकच आहे… पण ते लावलं तेव्हा तुम्ही घरात होतात ना? दुसरं विचारू कुणाला?

पानं? थांबा… गंगूबाई, दोन्ही जाळ्यांची एकेक डहाळी आणा, फळासकट! लवकर!… हां, आणल्या. पानं तर सारखीच… उलटी करू? अगंबाई! एकीची पाठ पांढरीशुभ्र. दुसरीची हिरवीच… फळ खुडू? हं… हिरव्या पाठीचं गाभ्यासकट हातात आलं. आणि हे… अहो, हे पोकळ निघालं! गाभा देठावरच राहिला… बोटावर? कशाला?… बसलं! करंगळीवर टोपीसारखं बसलं!… दहाही बोटांवर घालायचात? आणि मग एकेक खायचं… वन्सं, रडू नका हो.

गंगूबाई, पांढऱ्या पाठीचं खणा! मुळाशी माती राहू द्या… अय्या, मामंजीच आत आले. मामंजी, सापडलं. पक्कं. हात द्या तुमचा… पोकळ आहे ना?… कुणी सांगितलं?

वन्सं, विचारतायत… नाही, खोटं नाही बोलणार मी.

अंबिकावन्संनी, मामंजी. महूहून. अजून लाइनवर आहेत.

वन्सं, ठेवू नका… नाही, गेले नाहीत. उभे आहेत… क्या, तीन मिनट हो गए? ऑपरेटरजी, और तीन दीजिए, बहुत जरूरी है!… हो, हो, आहेत. हात पुढे केलाय त्यांनी… घ्या मामंजी. हा भाग कानाला. बोला.

— हं… हॅलो?… हो, मीच… खाल्लं आत्ता. गोड आहे… ऐक. काढताना मुळं तुटली तर?… छाटायचं? किती?… वीतभर ठेवायचं. बरं. आणि पाणी?… अगं, मी एकटा कसा सांभाळू ते? मला नीट दिसत नाही आता, अंबू… रडतेस कशाला? ये की. उन्हाळ्याच्या सुट्टीत. जावईबापूंनाही आण… हो, मीच म्हणतोय… कोण हसतंय तिकडे?… तुझी?… केवढी आहे?… मला कुणी सांगितलं नाही… नाही, मी विचारलं नाही. खरं आहे… नाव काय ठेवलंस तिचं?… मोठ्यानं बोल, काही कळत नाही… हॅलो?… अंबू?… हॅलो?

शशिकला, तुटला गं फोन. परत लाव… असू दे. थांबेल लॉरी. तू परत लाव.