हे काय, आलंच!

नाही, साल मला विचारू नका! चौऱ्याहत्तर असेल, नाहीतर पंचाहत्तर... छे, चौऱ्याहत्तरच, कारण त्या वर्षी आमच्या सांगलीच्या कॉलेजात नवे प्राचार्य... का ते त्र्याहत्तरला आले? बघा, इथूनच माझी बोंब! भूगोलाची डॉक्टरेट, एकतीस वर्षं पोरांना नकाशे शिकवले, आणि स्वतःच्या आठवणीखाली सही करायची म्हटली की पेन खाली ठेवतो. पण मुद्दा तो नाही. मुद्दा पुस्तिकेचा. कुठली पुस्तिका? सांगतो हो, थांबा जरा... हे काय, आलंच!

तर तुम्हाला सांगतो, एका कार्यालयाच्या मनात आलं (नाव कशाला घ्यायचं) की कोयनानगरला धरण बघायला माणसं जातातच, तर त्यांनी वाटेतली डोंगरातली गावंही बघावीत. म्हणून प्रवाशांसाठी मार्गदर्शिका काढायची. लिहायची कुणी? मी! ज्याला आपल्या गल्लीतून एसटी स्टँडवर जाताना दोनदा विचारावं लागतं, असा मी! गाव दिलं पळसमेट. चाळीस उंबरे, एक देऊळ, एक धबधबा, आणि भूकंपात तडकलेल्या, शेणामातीनं लिंपून उभ्या ठेवलेल्या भिंती.

सकाळी आठला एसटीतून फाट्यावर उतरलो. फाट्यावर एक दवाखाना, एक चहाचं हॉटेल. हॉटेलवाल्याला विचारलं, "पळसमेट किती लांब?" तर तो कपबशी विसळत मान वर न करता म्हणतो, "हे काय सायेब, आलंच! ती टेकडी वलांडली की गाव." मी वहीत टिपलं. टेकडी चढलो. टेकडीमागं काय? टेकडी! तिथं एक शेरडं राखणारा, "आवं, आलंच की!" पुढं डोक्यावर मोळी घेतलेली बाई, "त्यो वढा लागला की झालंच म्हना." ओढा लागला. मग दुसरा ओढा लागला. मग मला धाप लागली! तेवढ्यात मागून आले हंबीरराव, पेन्शनीत निघालेले सुभेदार, त्याच गावचे. म्हटलं, पलटणीतला माणूस, हा तरी नेमकं सांगेल. ते मिशीवर हात फिरवून म्हणाले, "फर्लांगभर! चला मास्तर, क्विक मार्च!" तुम्हाला सांगतो, त्या फर्लांगानं माझा एक तास खाल्ला!

पोचलो तेव्हा घड्याळात दहा पन्नास. हंबीररावांनी मला शेजारच्या राहीबाईच्या ओट्यावर टाकलं, हो, टाकलंच, बसायचं त्राण कुणाला होतं? राहीबाईनं गूळपाणी दिलं. म्हणाली, "दमला व्हय मास्तर? एवढ्याशा वाटंनं?"

"अहो, सगळे जवळ आहे म्हणाले होते!"

"मग हायच की जवळ."

दाराआडून तिची सून हसत होती, शालूबाई. नवी नवरी, नवरा कृष्णात लष्करात, कुठं सरहद्दीवर. पदर तोंडात धरून म्हणते, "आत्याबाई, त्यास्नी आनि एक खडा द्या गुळाचा. माघारी जायाचं हाय न्हवं... हे काय, आलंच म्हनत!" सगळा ओटा हसला. मीही हसलो. ते हसणं मला अजून ऐकू येतं, पण जाऊ द्या.

आता ऐका माझी अक्कल! घरी येऊन लिहायला बसलो. माझं घड्याळ म्हणतं, दोन तास पन्नास मिनिटं. पण वाटेत मी विचारलं होतं सात जणांना, आणि सातही जण म्हणाले, आलंच! संशोधनाचा नियम काय? एक निरीक्षक एकीकडे, सात स्वतंत्र साक्षीदार दुसरीकडे. चूक कुणाची असणार? माझीच! माझ्या वहाणा शहरातल्या, माझी छाती तोकडी, घड्याळ सासऱ्यांनी दिलेलं, त्याचाही काय भरवसा? मी लिहिलेलं खोडलं. 'आलंच' म्हणजे दहा मिनिटं धरली, आणि शास्त्रीय सावधगिरी म्हणून... दुप्पट केली! पान अकरा : 'फाट्यापासून अंतर सुमारे वीस मिनिटे, ग्रामस्थांच्या चालीने. वाट सुखद.' सुखद! छापून झालं हो ते!

पुढं काय? पुढं हंबीररावांचं कार्ड आलं. गाव छापून आलं म्हणून चावडीवर पुस्तिका मोठ्यानं वाचली, पान अकराही वाचलं. आता तिथं कुणी म्हणावं की नाही, अहो हे वीस मिनिटं काय? कोण म्हणणार! त्यांनीच सांगितलेलं होतं ना! "लय बराबर लिवलंय" म्हणाले सगळे. आणि त्याच महिन्यात जिल्ह्याच्या साहेबाकडं गावाचा अर्ज होता, गावात एक नर्सबाई द्या म्हणून. कार्डाच्या कडेला लिहिलेलं, 'कृष्णातच्या घरी पाळणा हलणार आहे, नर्स तवर आली तर बरं.' मग गावानं काय करावं? अभिमानानं, अगदी अभिमानानं, अर्जाला माझी पुस्तिका जोडली! का, तर सायबाला कळावं आमचं गाव किती नामांकित ते!

साहेबानं उघडलं पान अकरा. "फाट्यावर दवाखाना, आणि गाव वीस मिनिटांवर? मग नर्स कशाला? आणि हे गावकऱ्यांनी स्वतःच जोडलंय की!" अर्ज माघारी.

हे मला कार्डानं कळलं. मी काय केलं? उठून गेलो? छे! दुरुस्तीचं पत्र लिहिलं. मग वाटलं, 'पावणेतीन तास' लिहू की 'सुमारे अडीच'? पुन्हा लिहिलं. मग वाटलं, आणि तेच सात जण बरोबर असले तर? माझीच चाल मंद असली तर? चार मसुदे झाले. चौथा कोटाच्या खिशात घालून मी श्रावण काढला, भादवा काढला. पोस्टाची पेटी कुठं होती म्हणता? आमच्या गल्लीच्या तोंडाला! हे काय, आलंच!

भादव्याच्या शेवटी तिसरं कार्ड. दोनच ओळी. 'शालूबाईला बाजेवर घालून फाट्याकडं आणताना वाटेत गेली. मूल पण गेलं.'

...

पाणी आहे का हो? राहू द्या, राहू द्या.

मी पळसमेटला परत गेलो तो निवृत्तीनंतर, ब्याऐंशी साली. साल नक्की आहे, तिकीट जपून ठेवलंय. बरोबर मोजणीची साखळी, कॉलेजात उसनी मागितलेली. राहीबाई तशीच ओट्यावर, नजर तेवढी गेलेली. मला आवाजावरनं ओळखलं. मी विचारलं की राहीबाई, तेव्हा मला खरं अंतर का नाही सांगितलं कुणी?

ती म्हणाली, "लांब हाय म्हटलं की चालत्या मानसाचं पाय गळत्यात, मास्तर. वाटसराला लांब म्हनू नये." मग ओट्याची कड चाचपत म्हणाली, "शालू बाजेवरनं सारखी इचारायची, किती ऱ्हायलं वो? चौगं खांदेकरी म्हनायचं, हे काय, आलंच. दुसरं काय सांगनार व्हते?"

मी उठलो, साखळी घेतली.

साखळीनं वाट मोजली. माझ्यासारख्या माणसाला दुसरं येतं काय? चावडी ते फाटा : नऊ किलोमीटर चारशे मीटर. दोनदा मोजली, म्हणजे माझं सासऱ्यांचं घड्याळ अगदी बरोबर होतं. हंबीरराव काठी टेकत बरोबर आले होते. फाट्याअलीकडं एक उंबराचं झाड आहे, तिथं थांबले, फर्लांग सांगितला नाही की क्विक मार्च म्हणाले नाहीत. नुसती काठी टेकवली. "हितं बाज खाली ठेवली व्हती."

तिथून मी घड्याळ लावून फाट्यापर्यंत चाललो. दवाखान्याच्या पायरीवर पाय ठेवला आणि बघितलं. वीस मिनिटं. बरोबर वीस, आणि वाट, तुम्हाला सांगतो, खरंच सुखद होती. म्हणजे पान अकरा अगदीच खोटं नव्हतं हो... फक्त त्या उंबरापासून मोजायचं होतं.