भिंतीपलीकडे कोण झोपतं

होबर्ट : ती अडतीसची काडतुसं बाजूला ठेव, लोवेल. मला मॅग्नम दे. समोरचा एका गोळीत आडवा झाला पाहिजे.

लोवेल : थांबा, हे किल्ल्या कापायचं यंत्र बंद करतो, म्हणजे ऐकू येईल. हां. आडवा होईल की, मिस्टर होबर्ट. त्याच्या मागची भिंतही होईल. भिंतीमागचा फ्रिजसुद्धा होईल.

होबर्ट : फ्रिज जुनाच आहे.

अर्लीन : जुना आहे, पण चालू आहे. त्यात माझ्या लोणच्याच्या बरण्या आहेत.

लोवेल : तुमचं नवं रिव्हॉल्व्हर दोन्ही काडतुसं खातं. मॅग्नम घाला नाहीतर ही अडतीसची. पण नळी बघा केवढीशी. तेवढ्याशा नळीतून बंद घरात मॅग्नम उडवलीत तर डोळ्यांपुढे वीज पडल्यासारखं होईल. हाताला हिसका बसेल तो वेगळाच. पहिली गोळी कुठे गेली ते तरी कळेल. दुसरीचं मी सांगत नाही. आणि कान जातील.

होबर्ट : कान खाणीतच गेले माझे.

अर्लीन : मी बोलते तेव्हा जातात. नळ गळायला लागला की परत येतात.

होबर्ट : बायको बडबडते ते कशाला ऐकायचं? रात्री खुट्ट झालेलं मला ऐकू येतं. म्हणून तर तुझ्या दुकानात आलोय.

लोवेल : म्हणजे खरंच कोणी शिरतं घरात?

होबर्ट : थंडी पडल्यापासून. स्वयंपाकघराच्या खिडकीतून.

अर्लीन : रॅकून असेल, रानातून येतो खाणं चोरायला.

होबर्ट : रॅकून आत आल्यावर खिडकी लावून घेतो?

अर्लीन : शहाणे असतात ते.

लोवेल : काय काय नेलं?

होबर्ट : मक्याचा पाव. आणि घेवड्याचं कालवण, अर्धं पातेलं.

लोवेल : टीव्ही?

होबर्ट : टीव्हीला हात नाही लावला.

लोवेल : भुकेला चोर दिसतोय.

होबर्ट : भुकेला असो नाहीतर पोट भरलेला. माझ्या बापाची दुनळी भिंतीवर होती तोवर मी बिनघोर झोपायचो. ती गेली तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही.

अर्लीन : ती पाय फुटून गेली नाही. कोल्बीनं विकली.

होबर्ट : मी नाव घेतलेलं नाही.

अर्लीन : दोन वर्षं घेतलेलं नाहीस. पोटचा पोरगा आहे तो.

होबर्ट : पोटच्या पोरानं आजोबांची बंदूक गोळ्यांसाठी विकली, लोवेल. खायच्या, नशेच्या गोळ्यांसाठी. बंदुकीच्या असत्या तर मी समजून घेतलं असतं.

लोवेल : बरं. आपण घराकडे येऊ. काडतूस विकायच्या आधी मी घर विचारतो. हे काउंटर म्हणजे तुमचं घर. हे मोठं खोकं म्हणजे फ्रिज. तुम्ही दोघं कुठे झोपता?

होबर्ट : इकडे, या टोकाला.

लोवेल : ही तेलाची बाटली म्हणजे तुम्ही.

होबर्ट : मी एवढा किडकिडीत नाही.

लोवेल : अर्लीनबाई, तुम्ही?

अर्लीन : मी बाटलीशेजारी. तिचं घोरणं ऐकत.

लोवेल : आणि हे लाल खोकं म्हणजे चोर. तो इथे, स्वयंपाकघरात. तुम्ही बोळातून याल आणि या दारात उभे राहाल. बरोबर? आता त्याच्या पाठीमागे ही भिंत. घर विटांचं आहे का?

होबर्ट : विटांचं कुठलं? कारखान्यातून दोन तुकडे ट्रकवर आले आणि इथे जोडले. आतल्या भिंती म्हणजे नुसता पुठ्ठा.

लोवेल : मग ऐका. पुठ्ठा काहीच अडवत नाही. अडतीसही पार जाते. फरक एवढाच की मॅग्नम पुढच्या दोन-तीन खोल्यांची विचारपूस करून जाते. ही पोकळ टोकाची घेतली, तर अंगात शिरल्यावर फुलते आणि बहुतेक तिथेच थांबते. पण एवढ्या आखूड नळीतून फुलेलच, असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. आणि नेम चुकला तर सगळ्या बहिणी सारख्याच. म्हणून विचारतो. या भिंतीपलीकडच्या खोलीत कोण झोपतं?

होबर्ट : कोणी नाही.

अर्लीन : माझं काचसामान आहे तिथे.

होबर्ट : काचसामान बाहेरच्या खोलीत आहे.

अर्लीन : हलवलं.

होबर्ट : कधी?

अर्लीन : शिवाय शिलाईचं मशीन आहे. गोधड्या आहेत. लोवेल, भिंतीतून अजिबात न जाणारी कुठली?

लोवेल : तशी नसते, अर्लीनबाई.

अर्लीन : नुसता आवाज करणारी?

लोवेल : ती शर्यतीत वापरतात, पोरं पळवायला.

अर्लीन : चोरसुद्धा पळेलच की.

होबर्ट : मी चोराशी शर्यत लावायला आलेलो नाही. आणि गोधड्यांना गोळी लागली तर रक्त येणार आहे का?

अर्लीन : होबर्ट!

होबर्ट : त्या चोराचा माज ऐक, लोवेल. खातो तर खातो, वर भांडी घासून ठेवतो. परवा हिच्या आईचा बिडाचा तवा घासून ठेवला. साबणानं.

लोवेल : बिडाचा तवा? साबणानं?

होबर्ट : वास येत होता. सगळं तेल उतरून पार राखाडी पडला होता.

लोवेल : मग मॅग्नमच घ्या.

अर्लीन : तो मी घासला.

होबर्ट : तू?

अर्लीन : चुकून.

होबर्ट : तू? लग्नाच्या दिवशी तुझ्या आईनं मला बाजूला घेतलं, ते या तव्याला पाणी लावू नकोस हे सांगायला. तुला नीट सांभाळ, हे ती नंतर म्हणाली. तेसुद्धा आठवलं म्हणून. तू तो तवा चुकून घासशील? अख्ख्या केंटकीत बिडाच्या तव्याला साबण लावणारं एकच कार्टं मी पाहिलंय. शाळेत होता तेव्हापासून ओरडतोय त्याला. दर वेळी म्हणायचा, बाबा, स्वच्छ करून ठेवला...

(होबर्ट लाल खोकं स्वयंपाकघरातून उचलतो आणि भिंतीपलीकडच्या खोलीत ठेवतो.)

होबर्ट : इथे?

अर्लीन : हो.

होबर्ट : आणि गोधड्या?

अर्लीन : त्याच्या अंगावर. गाडीत झोपत होता, होबर्ट. काचेला आतून बर्फ. लाकडाच्या गिरणीत लागलाय. तू झोपलास की येतो, उजाडायच्या आत जातो. गोळ्या सुटल्यात त्याच्या. मी डोळ्यांत बघून सांगते.

होबर्ट : मागेही तू डोळ्यांत बघूनच सांगितलं होतंस.

अर्लीन : हो. तेव्हा चुकले.

लोवेल : मी जरा मागे कॉफी बघून येतो.

होबर्ट : थांब इथेच. गिऱ्हाईक सोडून कुठे चाललास? अर्लीन, मला का नाही सांगितलंस?

अर्लीन : तू म्हणाला होतास, पुन्हा उंबऱ्यात दिसला तर गोळी घालीन.

होबर्ट : तेव्हा घरात बंदूक कुठे होती? नुसतं बोललो.

अर्लीन : आता आहे ना. शनिवारी खोक्यातून काढून मला दाखवलीस आणि म्हणालास, फक्त काडतुसं आणायची राहिली. मग आले तुझ्याबरोबर. म्हटलं, निदान गोळी तरी मऊ घ्यायला लावू.

होबर्ट : परवा रात्री मी बोळात उभा होतो. तेच रिव्हॉल्व्हर हातात. सावलीवर धरलं होतं. रिकामं होतं म्हणून मागे फिरलो.

अर्लीन : माहीत आहे.

होबर्ट : तुला कसं माहीत?

अर्लीन : तुझ्यामागे दिवा होता. त्यानं बघितलं.

होबर्ट : काय म्हणाला?

अर्लीन : म्हणाला, बाबांचा हात फार थरथरतोय. डॉक्टरांना दाखव.

होबर्ट : थंडी होती.

अर्लीन : मी तेच सांगितलं त्याला.

लोवेल : मिस्टर होबर्ट... मग काय करू? ही अडतीसची बांधून देऊ?

होबर्ट : सगळी आत ठेव. ते यंत्र चालू कर.

लोवेल : कुठलं?

होबर्ट : किल्ल्यांचं. ही आमच्या मागच्या दाराची. अशीच एक काढून दे. एवढा मोठा घोडा खिडकीतून चढतो, कंबर मोडून घेईल.

अर्लीन : तू देशील त्याच्या हातात?

होबर्ट : मी कशाला देऊ? तव्यात ठेव. आणि सांग त्याला, पुन्हा साबण लावलास तर बघ.

अर्लीन : सांगते.

होबर्ट : लोवेल, ती नको उचलूस.

लोवेल : कोणती?

होबर्ट : ती तेलाची बाटली. मी. ती लागेल मला. मागच्या दाराची बिजागरी कुरकुरते, जाग येते.