परातीतले पाय

...रंगाचं सोडा हो! भिंतीला लागायचा तो आमच्या टी-शर्टांना लागला, संपलं! पण पाय? पाय कुणी सांगितले होते धुवायला? तुम्हाला सांगते, आमचे हे, बँकेतून निवृत्त झालेला माणूस, घरी आजवर स्वतःचा चहाचा कप विसळला नाही, आणि हा माणूस विमानात बसून परक्या देशात लोकांचे पाय धुवायला निघाला! का, तर आमच्या चर्चच्या मंडळीची टीम निघाली होती, पाळकसाहेबांबरोबर. बारा जण. बाराच हं, येशूच्या शिष्यांइतके! त्यातला प्रभूला दगा देणारा यहूदा कोण, यावरून विमानतळापर्यंत थट्टा चालली होती, आणि सगळ्यात मोठ्यानं कोण हसत होतं? हेच. सेवा करायला गेलो होतो ना आम्ही!

तर तिथला एक वृद्धाश्रम. जेवणघराला रंग द्यायचा, म्हणून बिचारी म्हातारी माणसं मांडीवर ताटल्या घेऊन व्हरांड्यात थंडीत बसलेली. स्वयंपाकघरात एकच बाई, माझ्याच वयाची. नाव काही आमच्या जिभेवर बसेना, मी आपलं मावशी म्हणायला लागले, त्याही 'ओ' द्यायला लागल्या. मावशींनी आधी त्या सगळ्यांची न्याहारी केली, मग आमची केली, मग आमच्यात एकाला साखर चालत नाही, एकीला दुधाचा वास सहन होत नाही, त्यांचं वेगळं केलं. मग आम्ही रंग सांडला. तो फरशीवर बसून खरवडून काढला कुणी? मावशींनी! आम्ही तोवर ब्रश हातात धरून फोटो काढत होतो... सेवा करायला गेलो होतो ना!

दुपारी जेवणं आवरली आणि ह्यांना उमाळा आला. "पाळकसाहेब, प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले. आपण इथे सगळ्यात जास्त राबणाऱ्या माणसाचे धुऊ या!" पाळकसाहेब म्हणाले, "वा बंधू, वा!" झालं! पाणी हवं. तापवलं कुणी? मावशींनी. भांडं हवं. हे आत गेले आणि जे हाताला लागलं ते घेऊन आले... अहो, परात! पाव करायचं पीठ मळायची परात! मावशींनी नुसते डोळे मिटले.

आणि मावशी बघावं तर पायात चांगले बूट, नवे मोजे, केस नीट विंचरलेले. हे माझ्या कानात, "बघ, आपल्या कार्यक्रमासाठी नटून आल्यात!" मलाही खरंच वाटलं हो. खुर्चीपाशी त्यांची एक भरलेली पिशवी होती, वरून लोकरीचं टोपडं डोकावत होतं, एवढुसं, मुठीत मावेल असं. आणि मी काय केलं? फोटोत मध्येच येतेय म्हणून ती दाराआड सरकवली! मुलाबाळांची बाई मी, टोपडं बघून कळू नये मला?

हे गुडघ्यांवर बसले, दोन्ही गुडघे कडकड वाजले, ह्यांनी त्यांचे बूट काढले, मोजे काढले, पाय परातीत. मावशी काहीतरी सांगत होत्या, घाईघाईनं, आणि आमची भाषा त्यांना येत नाही, त्यांची आम्हाला येत नाही, दोन्ही बाजूंचं बोलणारा एकटा ड्रायव्हर, तो बाहेर गाडीत घोरत पडलेला. मावशींनी हात करून खिडकी दाखवली. हे म्हणाले, "आकाशाकडे बघतायत, आकाशाकडे!" बाहेर भोंगा वाजला. मावशी ओल्या पायांनी उठायला लागल्या, तर ह्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून परत बसवलं आणि प्रार्थना सुरू केली. आणि ह्यांची प्रार्थना तुम्हाला माहितीये! सगळ्या राष्ट्रांवरून फिरून येते. मावशींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी... आणि त्या जशा रडायला लागल्या तशी ह्यांनी प्रार्थना आणखी लांबवली! कॅमेरे नुसते कचकच कचकच.

मग ड्रायव्हर उठून आला. मावशी आम्ही सांडलेलं पाणी पुसत होत्या. तो आधी त्यांच्याशी बोलला, मग आमच्याकडे वळून म्हणाला, "ह्या अजून इथे कशा? महिन्यातून एक दिवस सुटी असते ह्यांना, ती आज होती. तुम्ही येणार म्हणून दुपारपर्यंत थांबवलं. मुलगी बाळंत झालीय, पहिलं नातवंड, अजून बघितलं नाही. दिवसातून एकच बस जाते तिकडे... गेली की ती!"

तुम्हाला सांगते, मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे परात घेऊन तसेच उभे. कसंबसं पाळकसाहेबांना म्हणाले, "आपल्या गाडीनं सोडू या?" पाळकसाहेब म्हणाले, "बंधू, संध्याकाळी पलीकडच्या मंडळीत आपला सत्कार आहे. सगळे वाट बघतायत." आणि हे... हे पुढे एक शब्द बोलले नाहीत हो. मुकाट्यानं गाडीत चढले. मीही चढले, मी तरी काय मोठी बोलले! मावशींनी हसून, खरंच हसून, वाटेत खायला उकडलेली अंडी दिली आम्हाला. ह्यांनी ते अंडं नुसतं हातात धरून ठेवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "यहूदा सापडला." सेवा करायला गेलो होतो ना आम्ही...

आता घरी हे रोज आपला कप विसळतात. माझाही विसळतात.

पण रविवार कुठे सोडतो? उपासनेला गेलो तर दारातच मावशींचा रडतानाचा फोटो, हा एवढा मोठा! ह्यांना साक्ष द्यायला उभं केलं. हे माइकपाशी गेले, "त्या बाई... त्यांची बस... मी त्यांना..." आणि तिथेच उभ्या उभ्या रडायला लागले. पाळकसाहेब म्हणाले, "हालेलूया! बंधूंना भरून आलंय!" महिला मंडळानं रुमाल काढले. आणि कॅमेरे... कचकच कचकच! आता दोघांचे फोटो शेजारी शेजारी लावलेत.

पुढच्या टीमचं प्रमुख ह्यांनाच नेमलंय. हे हात जोडून म्हणाले, "नको हो, माझी लायकी नाही." तर अख्खी मंडळी म्हणते, "बघा, केवढी ही नम्रता!"