आजोबांची तिथी

कावळा शिवत नाही म्हणजे काय, ते आमच्या दादांना विचारायला हवं होतं. दादा म्हणजे माझे वडील, वेल्ह्याकडचे. त्यांचे वडील पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत. लढाईत पडले असं कुणीतरी सांगितलं आणि आजीनं कुंकू पुसलं. तेव्हापासून पितृपक्षात कौलावर ठेवलेल्या आमच्या घासाला कावळा काही केल्या शिवत नसे. दादा म्हणायचे, “तिथीच चुकत आसंल.”

पानशेत फुटलं त्याच्या पुढच्या वर्षी मी त्यांना पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसात नेलं. हवालदारानं जुनं रजिस्टर चाळलं.

“लढाईत कुठं? हे सुखरूप परतले की. झाशीला पेन्शन घेत होते. तीन वर्षांपूर्वी वारले. ही घ्या तारीख.”

परतताना एसटीत दादा एवढंच म्हणाले, “आयनं कुकू उगाच पुसलं.”

त्या पितृपक्षात पंचांग बघून बरोबर तिथीला घास ठेवला. आम्ही मागं सरकतोय तोच कावळा उतरला.

दादांनी धोंडा भिरकावला. शिवू दिलं नाही.