हजारी मिस्त्रीचा एक शब्द

मास्तर : ...आणि तुमची तानू लोणारला मोजली जाईल, तिच्या सासरी. इथे नवरा-बायको दोघंच. नावं झाली, वयं झाली. आता धर्म सांगा.

उकंडराव : अवो शालिग्राम मास्तर, चार वर्सं झाले उंद्रीत पोरं शिकवून राह्यले तुमी. गनपतीत आमच्या घरी मोदक खाऊन गेले. धर्म काय इचारता?

मास्तर : मला माहीत आहे हो, उकंडरावजी. पण एकतीस सालची खानेसुमारी आहे. माणसाच्या तोंडून ऐकल्याशिवाय लिहायचं नाही, अशी चिखलीहून ताकीद आहे. वाचून दाखवतो, त्यातला सांगा. हिंदू, मुसलमान, जैन, ख्रिस्ती, शीख...

मंजुळाबाई : अगं माय!

उकंडराव : काऊन वो तानूची माय? हासाले काय झालं?

मंजुळाबाई : काई नाही. तो शब्द आयकला गंज दिवसांनं. शीख.

उकंडराव : हिंदू लिवा, मास्तर. पुढचं घ्या.

मास्तर : लिहिलं. मावशी, शीख शब्दात हसण्यासारखं काय आहे?

मंजुळाबाई : शब्दात नाही, माझ्या अकलेत हाये. धाकटी होती तवा मले तो धर्म हाये म्हनून ठाऊकच नव्हतं.

उकंडराव : ते कोनाले ठाऊक असते? मले तं वाटे, शीख म्हनजे शिपायायची जात. माझे आजे सांगत, निजामाच्या मुलखात पाह्यऱ्यावर असत म्हने. दाढ्या अशा, की पाखरू घर करन. चला मास्तर, पुढं.

मास्तर : थांबा की. मावशी, तुम्ही शीख पाहिला कुठे? आपल्या उंद्रीत तर कोणी नाही.

मंजुळाबाई : मलकापूरले. माझं माहेर तथीचं. माझे बाबा, किसनराव, कापसाच्या जिनात फाटकावर होते. दुपारी त्यायची भाकर घेऊन मीच जाव. अन् तथी इंजनावर एक मिस्त्री होता. हजारासिंग. पन हजारासिंग कोनाच्या तोंडात बसते? सारे हजारी मिस्त्री म्हनत. एवढा उच्चापुरा, डोक्यावर निळी पगडी, हात कोपरालोक तेलानं काळे. त्याले पाह्यलं की बाया पदर पुढं वढत, अन् पोरं पळत.

उकंडराव : अन् तू?

मंजुळाबाई : मी बी पळे. पन एक दिवस म्हनलं, आज इचारतोच. इंजन धडधडून राह्यलं होतं, काई बी आयकू येत नव्हतं. म्या वरडून इचारलं, "तुमी कोन?" तो खाली वाकला. छातीवर हात ठेवला अन् म्हनला, "सिख."

मास्तर : बरोबरच सांगितलं.

मंजुळाबाई : तुमाले बरोबर, मास्तर. म्या आयकलं, "शिक!"

मास्तर : अरे वा! शिक म्हणजे, शाळा शिक?

मंजुळाबाई : मंग दुसरं काय? आठ वर्साची पोरगी मी. एवढा मोठा मानूस, ज्याले जिनाचा शेठ बी मिस्त्रीजी म्हने, तो वाकून मले सांगते, शिक. मी धावत बाबाकडं. म्हनलं, मिस्त्रीनं मले शिक म्हनलं. बाबा घाबरले. त्यायले वाटलं, पोरीनं काई खोडी केली. मले घेऊन गेले इंजनापाशी, अन् हात जोडून इचारलं, "मिस्त्रीजी, तुमी इले शिक म्हनलं काय?" तो बिचारा पंजाबी, त्याले एकच शब्द समजला. जोरानं मान हालवली, "हाँ हाँ, सिख! सिख!"

मास्तर : आणि वडिलांना वाटलं, ठासून सांगतोय!

मंजुळाबाई : तं काय! दुसऱ्या दिवशी बाबानं बजारातून पाटी आनली.

उकंडराव : झालं? पोट भरून हासले ना मास्तर? आता लिवा बरं. मले वावरात जा लागते.

मास्तर : एक मिनिट, उकंडरावजी. मावशी, तुमची चूक वाटते तेवढी चूक नाही बरं का.

मंजुळाबाई : म्हनजे कसं?

मास्तर : शीख हा शब्द आला कुठून? शिष्य या शब्दातून. गुरूपाशी शिकणारा, तो शीख. त्यांच्या गुरूंनी जे सांगितलं ते शिकत राहायचं, म्हणून त्या लोकांचं नावच ते पडलं. आपलं शिकणं आणि त्यांचं शीख, दोन्ही शब्द जवळचेच. म्हणजे तुम्ही विचारलंत, तुम्ही कोण? आणि त्या माणसानं सांगितलं, मी शिकणारा.

मंजुळाबाई : मी शिकनारा.

मास्तर : हो.

मंजुळाबाई : पन्नाशीकडं चालला असन तो तवा. दाढी निम्मी पांढरी. अन् मी शिकनारा म्हने!

उकंडराव : मास्तर, धंदा लिवा. शेती. सोताची. बोली मऱ्हाटी.

मास्तर : लिहिलं. आता पुढचा रकाना. लिहितावाचता येतं का? तुम्हाला येतं, तुमची सही मी पाहिली आहे. मावशींना?

उकंडराव : नाही. तिले नाही लिवा.

मंजुळाबाई : थांबा, मास्तर.

उकंडराव : थांबायचं काय त्याच्यात? बायामानसायचं नाहीच लिवत साऱ्या गावात.

मंजुळाबाई : हो लिवा.

[मास्तरांचा टाक दौतीवर तसाच धरलेला. उकंडराव उठू पाहतो आणि पुन्हा खाली बसतो.]

मास्तर : मावशी, सरकारचा नियम थोडा कडक आहे. नुसती अक्षरं ओळखून भागत नाही. माणसाला पत्र लिहिता आलं पाहिजे, आणि आलेलं पत्र वाचता आलं पाहिजे. तेव्हाच हो.

मंजुळाबाई : येते मले दोनी बी. जिनात एक कारकून होता. दुपारच्या सुट्टीत फाटकापाशी बसून त्यानं बारखडी शिकवली, मंग जोडाक्षरं. मी रोज पाटी हजारी मिस्त्रीले दाखवाले नेई. त्याले आपली अक्षरं कुठी येत होती? उलटी धरे पाटी. पन असा मन लावून पाहे, वरून खाली, खालून वर, अन् मंग म्हने, "शाबाश बेटी." एक दिवस म्या चूक लिवलं होतं, तरी शाबाश.

मास्तर : मग खरं केव्हा कळलं तुम्हाला?

मंजुळाबाई : दुसरा एक पगडीवाला आला अकोल्याहून. त्याले बी इचारलं, तुमी कोन. तो बी सिखच म्हनला! कारकून हासून हासून लोळला, त्यानंच सांगितलं मंग. मले इतकी लाज वाटली, मास्तर. वाटलं, हे शिकनं आपलं नव्हंच. चुकून आलं आपल्या घरी. अन् लगनात निंगताना बाबानं कानात सांगितलं, सासरी बोलू नोको. इथी आल्यावर सासूबाई म्हनाल्या, वाचनाऱ्या बाईचा नवरा जगत नाही. मंग काय बिशाद होती माझी बोलाची! सत्तावीस वर्सं झाले.

मास्तर : आणि या सत्तावीस वर्षांत काही वाचलंच नाही?

मंजुळाबाई : पुड्याचे कागद वाचले. अन् एक पत्र वाचलं.

उकंडराव : तानूची माय.

मंजुळाबाई : आज बोलू द्या मले. मास्तर, माझ्या मायचं पत्र आलं होतं. भाऊ उत्तमरावच्या हातचं. तवा तानू पोटात होती, सातवा लागला होता. या तानूच्या बाबानं मले वाचून दाखवलं, ह्याच वसरीत. सारे खुशाल हायेत, पाऊस बरा झाला, गाय व्याली. पन मंधातच थांबले हे, खडा लागल्यावानी. मंग खाकरून पुढं वाचलं. दुसऱ्या दिवशी हे वावरात गेले, अन् म्या पेटी उघडून ते पत्र काढलं.

मास्तर : मी उद्या येतो, मावशी. हा घरातला...

उकंडराव : बसा, मास्तर. आता तुमी बसाच.

मंजुळाबाई : माय खाटल्यावर पडली होती, अन् तिनं बलावलं होतं मले.

उकंडराव : दोन गरभ खाली झाले होते तुले त्याच्या आधी. गाडीवाटेनं दोन दिवस, अन् मंधात राजूरचा घाट. गचके बसले असते. म्या काय करा लागत होतं, सांग? वाचून दाखवलं असतं तं तू निंगाली असती.

मंजुळाबाई : निंगाली असती.

उकंडराव : मले वाटलं, बाळतीन झाली की नेऊन आनतो. आठ दिवसांत माय गेल्याची तार ईल, हे कोनाले ठाऊक?

मंजुळाबाई : म्या तुमाले कवा बोल लावला काय? मले बी भेव होतं. पत्र वाचलं, अन् रात होईस्तोवर पेटीपाशी बसून राह्यली. तुमी घरी आले तवा एक शब्द बोलली असती तं तुमी गाडी जुपली असती. नाही बोलली. तुमी गाळलं, अन् म्या गाळू देल्लं.

उकंडराव : तुले एक सांगतो आता. मले ठाऊक होतं.

मंजुळाबाई : काय ठाऊक होतं?

उकंडराव : तुले वाचता येते, हे. त्याच पत्रात होतं ना. माय लिवते, मंजुळीच्या तोंडून एकडाव पोथी आयकाची हाये, लहानपनी वाचे तशी. तवाच समजलं मले. अन् तरी पत्र फाडलं नाही म्या. पेटीत ठेवलं. कुलूप बी लावलं नाही.

मंजुळाबाई : काऊन?

उकंडराव : कोन जाने. वाटलं, तू वाचशीन तं वाचशीन. मंग मले सांगायचं काम नाही पडनार. मंग रोज तुह्या तोंडाकडं पाहे. तू काई बोले नाही. मले वाटे, वाचलं नसन. मंग वाटे, वाचलं असन. चौदा वर्सं गेले तसेच.

मंजुळाबाई : मंग आज मास्तरले 'नाही लिवा' म्हनून काऊन सांगितलं?

उकंडराव : तू हो म्हनली असती, तं हे सारं निंगालं असतं. निंगालंच ना.

मास्तर : मावशी, मी हो लिहिलं आहे. शाई वाळली.

उकंडराव : बरं केलं. तानूची माय, पेटीत खालच्या फडक्यात हाये तो कागद. घेऊन ये. आज तू वाच, अन् मी आयकतो. मायचं काईच गाळू नोको.

मंजुळाबाई : कागद कायले लागते? पाठ हाये मले.