मळ नव्हता तो

मी झरी जामणीकडची, जंगलाच्या काठावरच्या गावची. लहानपणी आमी दुसरी भाकर मागितली का माय पान्याचा गिलास पुढं करे. लग्न होऊन मुकुटबनले आली, शिलाई मशीन घेतली, अन् माही प्राची झाली गुटगुटीत, तं काय सांगू तुम्हाले, ऊर भरून ये. लोकं म्हनत, खात्यापित्या घरची पोरगी दिसते वो. मी काजळाचा टिक्का लावो. बिस्कीट मागो, चिवडा मागो, तिले नाही म्हनाले माही जीभच वळे ना.

आता नववीत हाये. तिचे कपडे मीच शिवतो, अन् शाळेचा ड्रेस दरवर्साले मधातच उसवा लागते. वर्गातले पोट्टे तिले म्हैस म्हनतात, म्हनून खेळाच्या तासाले ती पोट दुखते सांगून बसून राह्यते. त्यातच तिची मान काळी पडली. मले वाटलं, मळ हाये. बेसन लावलं, लिंबू लावलं, वज्रीनं घासलं, ती रडे, आई आग होते वं, अन् मी म्हनो, पोरीच्या जातीनं साफ राहावं.

मंग शाळेत तपासनीले डॉक्टरीनबाई आली, तिनं वेणी उचलून मान पाह्यली अन् मले बोलावनं धाडलं. चारचौघांत इज्जत जाईन म्हनून मी शाळेत जाच्या सकाळी आनखीच घासली, पार सालटी निघाली. बाई ते पाहून घाबरली. म्हने, अवो, हा मळ नाही, वजन वाढलं का, शुगर व्हाच्या आंधी मान अशी होते कधी कधी, रगत तपासा लागीन. घरात कोनाले शुगर होती काय?

माह्या मायची मान अशीच होती वो. आमी म्हनो, उन्हात मोळ्या वाहून झाली. मंग पायाच्या अंगठ्याले जखम झाली, ते भरेच ना, यवतमाळले नेलं तं शुगर निघाली, पाय कापला. प्राचीनं आजीचा तो पाय पाह्यला हाये. ऑटोत वापस येतानी ती हळूच म्हने, आई, माहाई पाय कापतीन काय? मी म्हटलं, चूप वं, असं बोलू नाही.

रगत देल्लं, रिपोट अजून याचा हाये. भेव वाटते, लय भेव वाटते. सांजच्याले दोघी फिराले जातो, ती धापा टाकते, मी थांबतो. बिस्कीट मागितलं तं आता नाही म्हनतो, पन तिच्या तोंडाकडं पाहत नाही. सकाळी वेणी घालाले बसली का अजूनई मान आखडून घेते, तिले वाटते, आई घासनच. मी घासत नाही बाप्पा. हलक्या हातानं तेल लावतो, अन् मनात म्हनतो, देवा, लागलाच तं माहा पाय घे, पन हिले चालू दे.