आधी कुठला खांदा

न्हावी : अक्का, गिऱ्हाईक खुर्चीत असताना भांडू नये. माझ्या हातात वस्तरा आहे.

अक्का : गिऱ्हाईक कसलं? होणारा जावई आहे तुझा, फुकट दाढी करून घेतोय. आणि मी भांडायला नाही, सांगायला आले. उद्या याच्या बाप्तिस्म्याला धर्ममाता म्हणून मी उभी राहणार नाही.

वायरमन : अक्का, पण माझं—

न्हावी : तू तोंड मीट, फेस जाईल आत. अक्का, आता ऐनवेळी मी दुसरी कुठून आणू? बाप्तिस्मा लांबला की लग्न लांबलं. मग पोरगी माझं डोकं खाणार. तुझं नाही, माझं.

अक्का : खाऊ दे, तिथं फारसं काही मिळायचं नाही. तू याला रविवारी पाहिलंस? क्रुसाची खूण करताना?

न्हावी : मी डोळे मिटून प्रार्थना करत होतो.

अक्का : तू झोपला होतास. मी जागी होते. कपाळ, छाती, इथवर ठीक. मग आधी उजवा खांदा आणि नंतर डावा! उलटी खूण!

न्हावी : नवा आहे, गडबडला असेल.

अक्का : प्रत्येक वेळी? शेवटी तर माझ्याकडे बघून हसत हसत केली. अरे, आपल्या चर्चमध्ये कोण खूण कशी करतो, मला पाठीमागूनही सांगता येतं. डॉक्टरीणबाई गळ्यातला हार हलू न देता करतात. बेकरीवाला अशी ऐसपैस करतो की शेजारच्यानं सरकून बसावं. तू माशी हाकलतोस. पण उलटी आजवर कोणी केली नव्हती. पोरीसाठी चर्चमध्ये यायचं आणि आमच्या क्रुसाची थट्टा करायची, हे मी खपवून घेणार नाही.

वायरमन : मामा, एक मिनिट वस्तरा बाजूला घ्या. मला बोलायचंय.

न्हावी : बोल. पण अर्धा गाल राहिलाय, लक्षात ठेव.

वायरमन : अक्का, हसलो ते तुम्ही ओळखीच्या दिसलात म्हणून. आणि खूण मी इथं शिकलो. या खुर्चीत.

न्हावी : माझ्यावर ढकलू नकोस! मी कधी शिकवली तुला?

वायरमन : शिकवली नाहीत, मी बघून शिकलो. प्रत्येक दाढीआधी तुम्ही मागे उभे राहून खूण करता. मला समोर आरशात दिसता.

अक्का : म्हणून हा आठवड्यातून तीनदा दाढीला यायचा होय? मला वाटलं पोरगी दुकानात डबा आणते म्हणून.

वायरमन : तेही होतंच. तर आरशात मामांचा हात आधी डाव्या खांद्याकडे जायचा. मी म्हटलं, आरशात सगळं उलटं दिसतं. म्हणजे खरा हात उजवीकडे जात असणार. म्हणून मी सुलटं करून घेतलं.

न्हावी : अरे देवा.

वायरमन : खात्री करायला चर्चमध्ये फादरांकडे नीट पाहिलं. ते समोर उभं राहून करतात. त्यांचा हात माझ्या उजवीकडेच गेला. मग शंकाच उरली नाही.

अक्का : ते तुझ्याकडे तोंड करून उभे असतात, शहाण्या! त्यांचा डावा खांदा तुझ्या उजवीकडेच येणार!

वायरमन : हे आत्ता लक्षात आलं.

न्हावी : आणि हा माणूस लोकांच्या घरी विजेच्या तारा जोडतो.

अक्का : मग बाप्तिस्म्याच्या वर्गात फादरांनी काय शिकवलं इतके महिने?

वायरमन : अर्थ शिकवला. खांद्यांचं मला आधीच येतं, असं मीच सांगितलं.

अक्का : बरं. थट्टा नव्हती, मानलं. पण मला आणखी एक सांग, आणि मामाकडे बघू नकोस. पोरगी नसती तर आला असतास?

न्हावी : अक्का, हा काय प्रश्न झाला?

अक्का : उद्या मी याच्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांसमोर उभी राहणार. मला विचारू दे.

वायरमन : ठाऊक नाही, अक्का. सुरुवात पोरीमुळेच झाली. पण ठरलं ते तिच्यामुळे नाही. त्या म्हाताऱ्या शिंप्याच्या घरी ठरलं.

न्हावी : कुठला विषय कुठं नेतोस? मान वर कर, गाल वाळतोय.

अक्का : थांब रे. शिंप्याचं काय?

वायरमन : त्यांच्या खोलीतला दिवा लागत नव्हता, म्हणून मी स्टुलावर चढलो होतो. मामा त्यांची दाढी करायला आले. नेहमीसारखी खूण केली. शिंपीकाकांनाही करायची होती, पण त्यांचा उजवा हात पांघरुणातून निघेचना. मामांनी वस्तरा ठेवला आणि त्यांचा हात हातात घेऊन खूण करवली. कपाळापासून. अगदी सावकाश. मग साबण लावायला लागले.

न्हावी : त्यात काय एवढं? हात जड झाला होता त्यांचा.

वायरमन : तेच. मला वाटलं, हात उचलवेनासा झाला की दुसरा येऊन उचलतो, अशा लोकांत आपण असावं. क्रुसाचा अर्थ फादरांनी पुष्कळ सांगितला, अक्का, आणि मी तो ऐकला. पण मला कळला तो एवढाच.

अक्का : हे तू मला सांगितलं नाहीस रे.

न्हावी : काय सांगायचं? दाढी केली, घरी आलो.

अक्का : पुढच्याच आठवड्यात गेला तो. मी भेटायला जाणार होते. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले.

न्हावी : माहीत आहे, अक्का.

अक्का : खूण करून झाल्यावर आमेन म्हणाला का तो?

वायरमन : आवाज नाही आला. ओठ हलले.

अक्का : म्हणजे म्हणाला. … ए, याचा राहिलेला गाल मग उरकून घे. आणि तू, असा माझ्या शेजारी ये. समोर नको, शेजारी. हं, आता हळूहळू कर. कपाळापासून.